तांबड्या विटांचे उपाहारगृह

धर्मगुरूचा प्रवास बहुधा कामाचाच असतो. कोठे अभ्यासशिबिर, कोठे सहाध्यायाच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव, तर कोठे एखाद्याचा अंत्यविधी. निव्वळ हौस म्हणून तिकीट काढल्याचे आम्हांला स्मरत नाही. तरीही अशा प्रवासांत मिळालेल्या मोकळ्या तासांवर आम्ही दोन छंद जोपासले आहेत. नव्या गावी गेलो की एखादी देखणी वास्तू हुडकायची आणि एखादे चांगले उपाहारगृह हुडकायचे. पहिल्या छंदाचे बीज सेमिनरीत पडले. गॉथिक कमानी आणि बरोक शैलीच्या वेद्या यांचा इतिहास तेथे आम्ही मन लावून वाचला. दुसऱ्याचे बीजही त्याच काळातले. सुट्टीच्या दिवशी इराण्याकडे संगमरवरी टेबलाशी बसून खाल्लेल्या ब्रून-मस्क्याची चव अजून जिभेवर आहे.

हे दोन्ही छंद एकाच छपराखाली फळाला येतील असे कधी वाटले नव्हते. गेल्या वर्षी तिरुवनंतपुरमला ते घडले, आणि त्या निमित्ताने आमच्या मनात दडून राहिलेल्या एका जुन्या अपराधाला वाचा फुटली.

एका शिबिरासाठी आम्ही सकाळी रेल्वेने तेथे उतरलो. घ्यायला येणाऱ्यांना अवकाश होता आणि पोटात कावळे ओरडत होते. स्थानकाबाहेर, तंपानूरच्या बसस्थानकाला लागून, तांबड्या विटांचा एक गोल मनोरा दृष्टीस पडला. त्याच्या भिंतीला ओळीने छिद्रे होती आणि ती ओळ सरळ न जाता तिरपी वर चढत होती. आम्हांला तो आधी एखाद्या जुन्या किल्ल्याचा बुरूज वाटला. दाराशी जाऊन पाहतो, तो पाटी 'इंडियन कॉफी हाऊस'ची!

आत पाऊल टाकले आणि थबकलो. तेथे मजले नाहीत, जिना नाही. मधल्या गाभ्याभोवती एकच उतरती फरसबंदी गोल गोल वर चढत जाते आणि तिच्या बाहेरच्या कडेला, भिंतीला धरून, बांधीव टेबले व बाके मांडलेली आहेत. जमीन तिरपी, पण टेबल सपाट. शंखाच्या पोटात शिरून न्याहारीला बसावे तसा तो प्रकार. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेली पांढरी पगडी घातलेल्या वाढप्याने मोडक्या हिंदीत सांगितले, "वर जा साहेब, वर वारा आहे."

खरोखरच वारा होता. भिंतीतील जाळीतून तो झुळझुळत येत होता आणि त्याच्याबरोबर उन्हाचे लहान लहान तुकडे टेबलावर येऊन पडत होते. मसाला डोशातील भाजी बीटामुळे तांबडीलाल, कटलेटही तसेच. कॉफी साधी, गरम, मनाजोगती. आमच्या समोरच्या बाकावर एक हमाल बसला होता, पलीकडे महाविद्यालयातील मुली, त्यांच्यापलीकडे फायली घेऊन आलेले एक वृद्ध जोडपे. एकाच चढणीवर सारे ओळीने बसलेले. कोणाला खास दालन नाही.

या उपाहारगृहांचा इतिहासही त्या बैठकीला साजेसा आहे. कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली तेव्हा शेकडो कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सहकारी संस्था काढण्याचा मार्ग दाखविला. १९५७ साली बंगळूरला पहिली संस्था स्थापन झाली, १९५८ साली त्रिशूरला केरळातील पहिले कॉफी हाऊस उघडले. जो कपबशी आणून ठेवतो तोच संस्थेचा सभासद, तोच धनी.

आणि ही वास्तू? ती लॉरी बेकर यांची. १९१७ साली इंग्लंडात जन्मलेले हे क्वेकर पंथीय वास्तुशिल्पी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईला बोटीची वाट पाहत असताना त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. बेकर यांच्या पायांतील हाताने शिवलेल्या कापडी जोड्यांनी म्हणे गांधीजींचे लक्ष वेधले. घर बांधताना पाच मैलांच्या परिघात मिळेल ते साहित्य वापरावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर उराशी धरला. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात परतले, डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाहबद्ध झाले, पिठोरागडच्या डोंगरात दोघांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली आणि पुढे ते केरळात स्थायिक झाले. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधण्याच्या त्यांच्या कार्याला तेथील मलंकार कॅथोलिक आर्चबिशप बेनेडिक्ट मार ग्रेगोरियस यांनी उत्तेजन दिले. १९९० साली बेकर यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली त्यांचे निधन झाले.

शिबिरातील एका दुपारी आम्ही श्रीकार्यम येथील येशूसंघीयांच्या लोयोला संकुलात बेकर यांनी बांधलेले प्रार्थनालय पाहून आलो. तेथेही तीच तांबडी वीट, गिलाव्यावाचून उघडी. भिंती दुहेरी, उंच आणि जाळीदार. रंगीत काचा नाहीत, तरी वेदीपाशी प्रकाश असा मंद, गाळून आल्यासारखा येतो की गुडघे आपोआप टेकतात. सेमिनरीत शिकलेल्या साऱ्या शैली त्या क्षणी आम्हांला दूरच्या वाटल्या.

त्यांच्या बांधणीतील दोन युक्त्या तेथील एका तरुण स्थापत्यविशारदाने समजावून दिल्या. एक, विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या रचायच्या. भिंतीच्या पोटात पोकळी राहते, सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि घर थंड राहते. दुसरी, स्लॅबच्या खालच्या भागात जेथे काँक्रीटचे फारसे काम नसते तेथे जुनी, टाकाऊ मंगलोरी कौले बसवायची. सिमेंट वाचते, वजन घटते.

जुनी मंगलोरी कौले! हे शब्द कानी पडले आणि आम्ही गप्प झालो.

वाचकहो, आता ती गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी वसईतील आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामात एक जुनी कौलारू शाळा होती. सागवानी तुळया, चुन्यातील विटांच्या जाड भिंती. भर वैशाखातही आत गारवा असे. "जुनाट दिसते, पाडून टाकू या," असे कमिटीने म्हटले आणि आम्ही मान डोलावली. खरे सांगायचे तर नव्या इमारतीच्या कोनशिलेवर आपले नाव येईल याचा मोहही मनात होता. पाडकामाच्या दिवशी एक वृद्ध सुतार काठी टेकीत आले. "फादर, माझ्या आज्याने ह्या तुळया रंधल्या," एवढेच ते बोलले. आम्ही त्यांना प्रगतीवर चार वाक्ये ऐकविली. ते ऐकत राहिले आणि खाली पडलेले एक शाबूत कौल उचलून घरी घेऊन गेले.

नवी इमारत उभी राहिली. दोन पावसाळ्यांत स्लॅब गळू लागला, तेव्हा त्यावर पत्र्याची शेड चढविली. आज तेथील मुले पंख्याखालीही घामाघूम होतात. कोनशिलेवर आमचे नाव मात्र स्वच्छ वाचता येते.

तिरुवनंतपुरमहून परतण्याच्या दिवशी आम्ही मुद्दाम पुन्हा कॉफी हाऊसमध्ये गेलो. जाळीतून येणारी तीच ऊनसावली, तोच गलका. ज्या वास्तूत हमालाला आपण परके वाटत नाही, ती बांधण्यासाठी पैशापेक्षा विचार अधिक लागतो, हे तेथे कॉफी पिता पिता उमगले. जे जवळ आहे ते निरखून पाहण्याची सवड आम्ही आमच्या धर्मग्रामात कधी काढली नव्हती.

सध्याच्या धर्मग्रामात नवे सभागृह बांधावयाचे आहे. आराखडा आमच्या मेजावर होता: दर्शनी भागाला काच, आत संगमरवर, वातानुकूलन. परत आल्यावर आम्ही कमिटीपुढे कॉफी हाऊसची छायाचित्रे ठेवली. हशा पिकला. "फादर, लग्नाचे पाहुणे हॉटेलात आल्यासारखे वाटतील!" कोणी म्हणाले. "जाळीतून पाऊस आत येईल त्याचे काय?" दुसऱ्याने विचारले. हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर लांब वळचणीत आहे, आणि ते आपल्या आजोबांना ठाऊक होते, असे आम्ही म्हणालो. मग पाडलेल्या शाळेची हकिकत सांगितली, कोनशिलेच्या मोहासह. त्यानंतर कोणी हसले नाही.

निर्णय अजून झालेला नाही. काचेचा आराखडा मागे घेतला आहे एवढेच. आणि गावातील पाडलेल्या घरांची कौले टाकून न देता चर्चच्या आवारात आणून ठेवावीत, असे गेल्या रविवारी मिस्सेनंतर जाहीर केले आहे.

त्या वृद्ध सुतारांना भेटून क्षमा मागावी म्हणून आम्ही पूर्वीच्या धर्मग्रामात जाऊन आलो. ते दोन वर्षांपूर्वीच निवर्तले होते. त्यांच्या सुनेने चहा दिला. निघताना अंगणात पाहिले, तुळशीच्या आळ्याला टेकवून ते कौल अजून उभे होते. "मामांनी सांगितलंय, हे हलवायचं नाही," ती म्हणाली. आम्ही वाकून त्याला हात लावला आणि बाहेर पडलो.