दगडात साठवलेली ऊब

काही वर्षांपूर्वी जानेवारीत श्रीनगरला एका मित्राच्या घरी राहिलो होतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चालणारा चिल्ला-ए-कलान, म्हणजे काश्मिरी थंडीचा कळस, तेव्हा चालू होता. फजरच्या नमाजला मित्रासोबत मशिदीत गेलो. बाजूच्या खोलीत पाय ठेवला आणि तळव्यांना फरशी चक्क गरम लागली. खोलीत शेगडी नव्हती, धूर नव्हता. म्हातारी माणसं भिंतीला टेकून निवांत बोलत बसली होती.

मित्र म्हणाला, "हा हमाम."

हमाम म्हणजे न्हाणीघर, एवढंच मला ठाऊक होतं. इथे मात्र ती अख्खी खोलीच चूल होती. दगडी लाद्या बुटक्या खांबांवर बसवलेल्या, खाली पोकळी. लाकडं बाहेरच्या तोंडातून घालायची. जाळ लाद्यांखालून फिरतो आणि धूर धुराड्यातून वर जातो. त्याच जाळावर तांब्याच्या भांड्यात वजूचं पाणी तापतं. रात्री पेटवलेली आग पहाटे विझलेली असते, पण दगड गरमच राहतो.

पत्र्याची बुखारी पेटली की लगेच तापते आणि विझली की लगेच गार होते. दगड सावकाश तापतो आणि सावकाशच सोडतो. रशिया, फिनलंडमधल्या विटांच्या भट्ट्या आणि कोरियातलं ओंडोल याच तत्त्वावर चालतात. हमाम लाकूड बरंच खातो हे खरं. लाद्यांचे सांधे फुटले तर विषारी वायू खोलीत येतो, म्हणून गवंडी तिथे फार जपून काम करतो.

घरी परतल्यावर या विषयावर वाचत गेलो आणि एका वाक्याशी थांबलो : धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्यातून निघणाऱ्या वायूंत असते. ते जळायला साधारण ६०० अंश तापमान आणि पुरेशी हवा लागते. आग धुमसत ठेवली तर ते तसेच निघून जातात आणि वाटेत कुणाच्या तरी छातीत शिरतात.

आमच्या घरी ती छाती अम्मीची होती. अब्बांचा नियम होता, "जाळ कमी ठेव, लाकूड पुरलं पाहिजे." ओली बाभळ, कोंडलेली चूल आणि हातात फुंकणी. वैलावर कालवण गरम राहायचं, तेवढीच काय ती बचत. पुढे दम लागू लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "विडी ओढायच्या का?" अम्मीला हसूच आलं. मग त्यांनी विचारलं, "चुलीपुढे किती वर्षं?" ती म्हणाली, "चाळीस."

अब्बांना दोष देत नाही. कमी जाळ म्हणजे कमी लाकूड, हे कुणालाही पटेल असंच होतं. पण ते उलटं होतं. लाकूड वाचवायचं तर आग दाबायची नाही, ती मोकळी, कडक पेटू द्यायची आणि तिची ऊब दगडात, विटेत नाहीतर पाण्यात धरून ठेवायची.

घरात गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्यासाठी परसात चूल होतीच. ती मी गेल्या हिवाळ्यात पाडली. अमेरिकेत १९८०च्या दशकात लॅरी विनिआर्स्की यांनी मांडलेल्या रॉकेट चुलीच्या पद्धतीने नवी बांधली. लाकूड आडवं घालायचं, जाळ उभ्या नळीतून वर. नळीभोवती राख भरली. राख हलकी, ती आगीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जिथे ऊब साठवायची तिथे जड दगड आणि जिथे आग तापवायची तिथे हलकी राख, हे समजेपर्यंत माझ्या दोन चुली फसल्या.

तिसरी पेटली. वाळकी चार लाकडं, आणि हंडा तापला. अम्मी लांब खुर्चीवर बसली होती.

"धुआं तो दिखताच नहीं," ती म्हणाली. "जल रही क्या?"

मी तिला जवळ बोलावलं. तिने सवयीने पदर नाकाला लावला आणि जाळाकडे बघितलं. थोड्या वेळाने पदर खाली आला.

तिची छाती आता बरी होणार नाही. औषधाचा पंप उशाशीच असतो. फुंकणी तिने अजून टाकलेली नाही.