सातपुड्याचा दर्या

धुळ्यात आग्रा रोडलगतच्या एका बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, स्पर्धा परीक्षांची गाइडं, असं मिळेल ते आम्ही जुळवत आलो. आमच्या धंद्यात चांगलं काम म्हणजे कागदावर चांगलं दिसणारं काम. मजकूर कुणी कानानंही वाचत असेल, हा विचार माझ्या डोक्याला पन्नाशीपर्यंत शिवला नव्हता. शिवला तेव्हाही मी बरीच वर्षं चुकीचंच करत राहिलो.

यात अज्ञानाची सबब मला घेता येत नाही. २०१६ च्या यूपीएससी परीक्षेत उल्हासनगरची प्रांजल पाटील १२४ वी आली, तेव्हा एका क्लासवाल्यासाठी तिच्या अभिनंदनाचा फलक मीच बनवला होता. ती स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीनं अभ्यास करते, हे बातमीत वाचलेलं होतं. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा मनोबल प्रकल्प आहे, तिथं अंध-अपंग मुलंमुली राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, हेही ठाऊक होतं. पण ही मुलं अभ्यास करतात ती पुस्तकं येतात कुठून, आणि त्यांतलं एखादं माझ्याच दुकानातून गेलेलं असेल का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

मग जळगावहून एका अंध विद्यार्थ्याचा फोन आला. मी जुळवलेल्या भूगोलाच्या नोट्सची पीडीएफ त्याच्या हाती लागली होती आणि शेवटच्या पानावर माझा नंबर होता. "भाऊ, हाई काय शे?" असं म्हणून त्यानं दुसरा मोबाइल जवळ धरला. यंत्राचा आवाज तुटक इंग्रजी अक्षरं बोलत होता. मला हसू आलं. "मोबाइल बदल," मी म्हटलं.

मोबाइलमध्ये काहीच बिघाड नव्हता. आमचे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली मराठी चित्रं. कृतिदेवमध्ये 'जळगाव' लिहिलं तर डोळ्याला जळगाव दिसतं. फाइलमध्ये मात्र टी, जी, एक्स, के, ओ एवढंच साठलेलं असतं. वाचणारं यंत्र चित्र बघत नाही, साठलेलं वाचतं. त्यामुळे 'कमल' या शब्दाचं तिथं 'डे' होतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठल्याही मोबाइलवर वाचलं जातं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. व्हॉट्सअॅपवर मी रोज युनिकोडमध्येच लिहीत होतो. पण धंद्यातली फाइल वेगळी, असं मनात पक्कं बसलेलं.

त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा मी आमचा ठेवणीतला उपाय केला. छापखान्यात फॉन्ट उडाला की आम्ही फाइल कर्व्ह करून देतो, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून टाकतो. तशीच त्यालाही पाठवली. आधी निदान काहीबाही ऐकू येत होतं, आता यंत्र गप्पच बसलं. त्यानं खुली फाइल मागितली तर मी कॉपीराइट पुढे केला. फाइल बाहेर गेली की उद्या कुणीही छापेल, ही खरी भीती. कायदा मी वाचला नव्हता. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तक तिला चालेल अशा रूपात आणायला आणि तिच्या स्वतःच्या वापरासाठी किंवा शिक्षणासाठी द्यायला तेव्हापासून मुभा आहे. पुढे याच विषयावरच्या २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच ठरला. मी मात्र कायद्याचं नाव घेऊन कायद्यानं मोकळं केलेलंच अडवून धरलं होतं.

यानंतर जे केलं त्याची जास्त लाज वाटते, कारण ते मी दयेपोटी केलं. मुलीला घरी बसवून नोट्स वाचायला लावल्या, रेकॉर्ड केल्या आणि स्वतः जळगावला जाऊन पेनड्राइव्ह दिला. सोबत फोटो काढला. स्टेटसला ठेवताना त्याला विचारलं नाही. लोकांचे हात जोडलेले इमोजी येत राहिले, मी सुखावलो. एकेक प्रकरण म्हणजे सलग लांबलचक ध्वनिफीत, मध्ये कुठे थांबा नाही. गिरणा धरणाचा एक मुद्दा पुन्हा ऐकायचा तर तो शोधायचा कसा? सुरतला 'सुरात' वाचलंय की काय, हे स्पेलिंग पाहून तपासायचं कसं? त्यानं तक्रार केली नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार कोण करणार?

मुळात त्याला वाचून दाखवणारं माणूस नकोच होतं, कारण वाचणारं यंत्र त्याच्याकडे होतं. एनव्हीडीए हा संगणकासाठीचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, आणि पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याच्यासोबत आला. अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक असतो. दोन्हींवर मराठी ऐकता येतं. त्याला हवी होती फक्त साधी, युनिकोडमधली वर्ड फाइल.

अखेर ती दिली, पण कन्व्हर्टरमधून काढून, न तपासता. कन्व्हर्टरनं प्रत्येक अर्ध्या 'र'चा रफार केला. शेतकऱ्याचा 'शेतकर्या' झाला आणि सातपुड्यातल्या खोल दऱ्यांचा सातपुड्यातला खोल दर्या झाला. त्यानं फोन करून शांतपणे विचारलं, सातपुड्यात समुद्र कधी आला? या वेळी दोघंही हसलो.

त्याच्याकडूनच मी उरलेलं शिकलो, शिकवणीचे पैसे न देता. मथळा ठळक आणि मोठा केला की माझ्या लेखी तो मथळा. यंत्राला तो मथळा वाटायला वर्डमधली हेडिंगची स्टाइल द्यावी लागते, मग संगणकावर 'एच'ची कळ दाबत माणूस एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो. मी प्रश्नांचे पर्याय स्पेसबार दाबून रांगेत आणायचो, त्यामुळे अ, ब, क, ड ऐकताना एकमेकांत घुसत. 'जोड्या लावा'मध्ये दोन्ही स्तंभ एका ओळीत ऐकू आले की चुकीचीच जोडी कानात बसते. वर्षानुवर्षं ज्या टापटिपीबद्दल गिऱ्हाइकांनी मला नावाजलं, ती निम्मी अशी फसवी होती.

अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम असावा असं सरकारला बजावलेलं आहे. दुकानात येणाऱ्या एकाही प्रकाशकाच्या किंवा क्लासवाल्याच्या तोंडून मी त्याचा उल्लेख ऐकलेला नाही. आता मी छपाईची फाइल देतो तेव्हा शेजारी दुसरी, वाचता येणारी फाइलही करतो. गिऱ्हाईक म्हणतं, करा की, पण पैसे एकाच फाइलचे. बहुतेक वेळा मी ऐकतो. घाईचं काम असलं की दुसरी फाइल मागे पडते, हेही सांगून टाकतो.

नकाशांचं अजून जमलेलं नाही. तापी खोऱ्याच्या नकाशाखाली मी लिहिलं होतं, 'निळ्या रेषांनी नद्या दाखवल्या आहेत.' त्यावर त्याचा निरोप आला: निळ्याचं मी काय करू? गिरणा, पांझरा डावीकडून मिळतात, अनेर उजवीकडून, हे लिहा. म्हणून आता नकाशा पुढ्यात घेऊन वरून खाली नद्या लिहीत जातो. एका नकाशाला अख्खी दुपार जाते. तिचं बिल कुणाच्या नावानं फाडायचं, यावर प्रकाशकाशी माझा वाद चालू आहे.