नोर नदीकाठची केनी

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गाडी सुटली की दीड-पावणेदोन तासांत किल्केनी येतं. वाटेत सगळीकडे हिरवी कुरणं आणि त्यांत निवांत चरणाऱ्या गाई. लेक आणि जावई डब्लिनला असतात, त्यामुळे आयर्लंडची ही आमची दुसरी फेरी. तिकिटावरचं गावाचं नाव वाचल्यापासून सौ. मात्र एकटीच हसत होती. तिचं माहेर गोकाकचं. तिकडच्या कानडीत दुधावरच्या सायीला ‘केनी’ म्हणतात. त्यात जावयानं सांगितलं, की गावातून जी नदी वाहते तिचं नाव नोर. ‘नोरी’ म्हणजे फेस! साय आणि फेस एकाच गावात, आणि ते गाव जगात कशासाठी ओळखलं जातं? तर सायीसारखा फेस धरणाऱ्या बिअरसाठी. खरं तर आयरिश भाषेत ‘किल’ म्हणजे चर्च. संत कॅनिसचं चर्च ते किल्केनी. पण ही खरी व्युत्पत्ती ऐकूनही सौ.नं आपली व्युत्पत्ती सोडली नाही.

गाव चालत फिरण्याजोगं आहे. नदीकाठी बाराव्या शतकाच्या अखेरीस मुळं असलेला किल्ला. १३९१ साली तो बटलर घराण्याकडे आला आणि जवळजवळ पावणेसहाशे वर्षं त्यांच्याकडेच राहिला. अखेर १९६७ साली फक्त पन्नास पौंडांत त्यांनी तो गावाच्या समितीला दिला. दुसऱ्या टोकाला संत कॅनिसचं कॅथेड्रल आणि त्याशेजारी उंच गोल मनोरा. गुडघ्यांचा विचार करून आम्ही तो खालूनच पाहिला. मधल्या रस्त्याला लागून अरुंद बोळ आहेत, त्यांना इथे ‘स्लिप’ म्हणतात. त्यातल्या एकाचं नाव ‘बटर स्लिप’, कारण तिथे पूर्वी लोणी विकणारे बसत. गणपत गल्ली, मारुती गल्लीत वाढलेल्या माणसाला हे नाव लगेच आपलंसं वाटतं. लोणी गल्लीच ती!

संध्याकाळी आम्ही पाचही जण एका पबमध्ये गेलो. घरातल्या बायकामुलांसह पबमध्ये, हे वाचून काही भुवया उंचावतील. पण तिथला पब म्हणजे आपल्याकडचा अंधारा बार नव्हे. मोठ्यांबरोबर मुलांनाही रात्री नऊपर्यंत बसता येतं, सूप आणि जाड काळपट पाव मिळतो, आणि २००४ पासून आत सिगारेट ओढायला बंदी आहे. सौ.नं चहा मागवला, नातवानं चिप्स. मी मागवली ‘किल्केनी’, टॅपवरची. हा टॅप प्रत्येक पबमध्ये नसतो, हे मला तिसऱ्या पबमध्ये पोहोचेपर्यंत कळलं होतं. एका पाइंटला, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा थोड्या जास्त बिअरला, सहा युरोच्या आसपास पडले.

आता ही ‘क्रीम एल’ म्हणजे काय ते सांगतो, कारण पहिला प्रश्न सौ.नं तोच विचारला. यात दूध नाही, साय नाही, लोणीही नाही. एल ही बिअरची एक जात. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, की झालं माल्ट. आपल्याकडे मुलांना रागी माल्ट देतात, त्यातलाच हा शब्द. ते गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढायचं, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं आणि यीस्ट घालून आंबवायचं. थोडा जास्त भाजलेला जव घातला की तांबूस रंग येतो. ‘क्रीम’ हे नाव फक्त वरच्या फेसावरून आणि जिभेला लागणाऱ्या मऊपणावरून. (अमेरिकेत ‘क्रीम एल’ म्हणून मिळते ती वेगळीच, फिकट, लागरच्या अंगानं जाणारी. रॉचेस्टरची जेनेसी ही त्यातली नावाजलेली, १९६० साली आलेली. दोघींत नावापलीकडे फारसं नातं नाही.)

मऊपणाचं गुपित वायूत आहे. सोड्यात आणि बहुतेक बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात विरघळून किंचित आंबट होतो, म्हणून जीभ चुरचुरते. नायट्रोजन मात्र पाण्यात फारसा विरघळत नाही. गिनेस कंपनीत काम करणाऱ्या मायकेल ॲश या गणितज्ञानं १९५९ च्या सुमारास दोन्ही वायूंचं मिश्रण वापरायची रीत बसवली. साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड. टॅपच्या तोंडाशी बारीक भोकांची चकती असते. तिच्यातून बिअर दाबानं बाहेर पडते, आणि आपल्याकडे धार काढताना चरवीत जसा दाट फेस उठतो तसा बारीक बुडबुड्यांचा थर जमतो.

ग्लास समोर आला तेव्हा आत सगळं गढूळ, भगव्या धुक्यासारखं होतं. बुडबुडे काचेलगत वर जायच्या ऐवजी खाली उतरताना दिसत होते. नातू काचेला नाक लावून बसला. याचं कोडं लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ साली सोडवलं: ग्लास खाली निमुळता असल्यामुळे मधली बिअर बुडबुड्यांसकट वर चढते, कडेची खाली येते आणि येताना बारीक बुडबुडे ओढून आणते. दोनेक मिनिटांत धुकं निवळलं. खाली डाळिंबी झाक असलेला तांबूस रंग आणि वर बोटभर जाड, पांढरी, घट्ट साय. चष्मा कपाळावर सरकवून सौ.नं ती नीट पाहिली आणि तिला प्रमाणपत्र दिलं, “केनीच ही.”

मी उभा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात घालवला, तेव्हा गुण दिल्याशिवाय घोट उतरत नाही. अमेरिकेत १९८५ पासून बिअरचे परीक्षक तयार करणारी एक संस्था आहे. तिच्या गुणपत्रिकेत एकूण पन्नास गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर समाधानाला १०. म्हणजे ज्या मऊपणावर ही बिअर विकली जाते, त्याला पन्नासात पाचच! जावयानं ही विभागणी फोनवर दाखवली तेव्हा मला ती कंजूषपणाची वाटली. ग्लास संपेपर्यंत ती पटली.

रूपाला तीनपैकी तीन. स्पर्शालाही पाचपैकी पाच. पहिला घोट वरच्या सायीतून येतो, ओठांना आधी थंड लोण्यासारखं काहीतरी लागतं, मग बिअर जिभेवर कुठेही न टोचता सरकते. घोट गेला हे गिळल्यावर कळतं. पण वास? नाक ग्लासात घातलं तर जवळजवळ काही नाही. घट्ट सायीखाली वास कोंडून राहतो आणि नायट्रोजन तो वर आणायला मदत करत नाही. चवीचंही सुरुवातीला तसंच. थंडगार असताना नुसता गुळगुळीतपणा, मागे पुसटसा गोडवा. सौ.नं विचारलं, “कसं आहे?” मी म्हटलं, “मऊ आहे.” “ते दिसतंच आहे,” ती म्हणाली, आणि मग कानडीत, “केनी ऐती, हाल एल्लैती?” साय आहे, पण दूध कुठे आहे? हाच प्रश्न मलाही पडला होता, पण मला त्यासाठी तीन वाक्यं लागली असती.

म्हणून ग्लास तसाच ठेवला. गरम सूप प्यायलो, पाव खाल्ला. अर्ध्या तासानं थंडी उतरली, साय निम्मी झाली, आणि तेव्हा बिअर थोडी बोलू लागली. चिक्कीच्या पाकासारखा गोडवा, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याची चव, शेवटी जिभेच्या मागे कोरडा, सौम्य कडूपणा. सुरुवातीला चवीला नऊ दिले असते, आता बारा दिले. वासाला पाच, समाधानाला सहा. बेरीज एकतीस. त्या संस्थेच्या श्रेणीत तीस ते सदतीस म्हणजे ‘बरीच चांगली’. माझ्या जुन्या शाळेत याला आम्ही प्रथम श्रेणी म्हणत असू. क्रीम एल चाखायची असेल तर माझी एकच सूचना, पहिल्या घोटावर मत देऊ नका. तो घोट वायूचा असतो. बिअर करणाऱ्याचं काम त्याच्या बरंच खाली असतं.

शेजारी बसलेल्या, सत्तरीच्या गृहस्थांनी माझा हा सोहळा बघून विचारलं, “ही का घेतलीत?” त्यांच्या हातात ‘स्मिदिक्स’ होती. इथल्या माणसाला किल्केनी नको, स्मिदिक्स हवी. का, ते गावाच्या गोष्टीत आहे. जॉन स्मिदिक यांनी जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या जागेवर १७१० साली ही ब्रुअरी सुरू केली, म्हणजे गिनेसच्या एकोणपन्नास वर्षं आधी. १९६५ साली गिनेसनं ती विकत घेतली. पुढे १९८०च्या दशकात बिअर परदेशी पाठवायची ठरली, तर तिकडच्या लोकांना नाव उच्चारता येईना. इंग्रजीत त्यात एक ‘डब्ल्यू’ लिहितात तो म्हणायचाच नसतो. मग परदेशासाठी गावाचंच नाव दिलं, किल्केनी. पुढे ती वेगळी बिअर झाली. हे ऐकून लेक हळूच हसली. तिच्या मुलाच्या नावातला ‘ज्ञ’ डब्लिनच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात गळाला होता.

आणि २०१३ च्या अखेरीस ब्रुअरी बंद झाली. तीनशे तीन वर्षांनी. काम डब्लिनला हललं. आज त्या जागेवर पर्यटकांसाठी एक प्रदर्शन आहे, जुन्या इमारतीत कार्यालयं आली आहेत, नदीकाठी बाग आहे. मालक कंपनी डियाजिओनं २०२२ साली नव्या ब्रुअरीची घोषणा केली ती किल्डेअर परगण्यासाठी, किल्केनीसाठी नव्हे. गृहस्थ सांगत होते, की पूर्वी माल्ट शिजायचं त्या दिवशी शाळेत जाताना रस्त्यावर गरम, गोडसर वास यायचा. वारा नदीवरून असला तर वर्गातसुद्धा. “आता ग्लासावर गावाचं नाव आहे,” ते म्हणाले, “वास नाही.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गावच्या जुन्या थिएटरबद्दल आपण बोलतो तसं ते बोलत होते.

त्यांचं मन राखायला मी अर्धा ग्लास स्मिदिक्स घेतली. हिला नायट्रोजनची साय नाही. विरळ फेस पाच मिनिटांत बसला. जिभेला चुरचुर लागली, पण त्याबरोबरच नाकात भाजलेल्या जवाचा वास आला, न शोधता. कडूपणाही स्पष्ट होता. ही थोडी सौम्य, तीन पूर्णांक आठ टक्क्यांची. किल्केनी चार पूर्णांक तीनची. सायीची चैन नाही, पण काय पितो आहोत ते पहिल्या घोटात कळतं. वासाला आठ दिले.

सौ.नं चहाचा कप बाजूला सारला. “हाल ऐती?”

“ऐती,” मी म्हटलं. “थोडं पातळ ऐती.”