फडातली कानडी

अंबाजोगाईत हॉटेल सेवेचा अभ्यासक्रम शिकवताना टेबल मांडणं, नॅपकिन दुमडणं, चादर ताणणं सगळं वर्गात जमायचं. पण परप्रांतातला, परदेशातला पाहुणा वर्गात आणायचा कुठून? मुलं केज, धारूर, वडवणीकडची. कित्येकांचे आईबाप दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जाणारे. आणि मुलांना नोकरी हवी पुण्यात, गोव्यात, जमलंच तर दुबईत.

जपानी माणूस वाकून नमस्कार करतो, अरबांना डावा हात चालत नाही, अशा याद्या मुलं पाठ करत. याद्यांनी पेपर सुटतो, पाहुणा सांभाळता येत नाही. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि नोकरीला लागलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनाही त्यात घेतलं. मी एखादा प्रसंग टाकायचा, मुलांनी छोटा व्हिडिओ करून पाठवायचा, जुन्यांनी तो तपासायचा.

एकदा जैन कुटुंब जेवायला आल्याचा प्रसंग दिला. एक पोरगा व्हिडिओत ऐटीत म्हणाला, "काळजी करू नका, भाजीतले बटाटे काढून आणतो." गोव्यातल्या हॉटेलातून एका जुन्या विद्यार्थ्याची लगेच व्हॉइस नोट आली, मागे भांड्यांचा खणखणाट: "लेका, बटाटे काढशील, रश्शातल्या कांदा-लसणाचं काय करशील? काय काय चालत नाही ते आधी विचार. मग किचनला विचार. अन् मगच हो म्हण." माझं तासाभराचं व्याख्यान त्यानं अर्ध्या मिनिटात संपवलं.

पुढे लक्षात आलं, बाहेरचा पाहुणा तर आपल्या दारातच आहे. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला तेलंगणा, आंध्र, कर्नाटकातून लोक येतात. योगेश्वरी ही अनेक कोकणस्थांची कुलदेवता, त्यामुळे पुण्या-मुंबईची कुटुंबं अंबाजोगाईत येतात. कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेत कानडी भाविक भेटतात. मुलांना सांगितलं, यांच्याशी बोला, जेवणा-राहण्यात काय अडतं ते विचारा आणि इन्स्टाग्रामवर मांडा. परवानगीशिवाय चेहरा दाखवायचा नाही, गाभाऱ्याकडे मोबाइल वळवायचा नाही. परळीहून एकानं पाहुण्यांची तक्रार आणली: भात पोळ्यांनंतर कशाला, आधीच वाढा ना!

खरी गंमत केली एका अबोल मुलीनं. इंग्रजीच्या तासाला ती मान वर करत नसे. परळीत एका म्हातारीला तिनं सहज विचारलं, "ऊट आयता, अज्जी?" जेवण झालं का, एवढंच. म्हातारी तिचा हात सोडेना. बेळगावकडच्या उसाच्या फडात, आईबापांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहून शिकलेली ही कानडी ती वर्गात आजवर लपवत होती. व्हिडिओ ग्रुपवर पडला, तशी पोरं तिच्याकडे वाक्यं मागू लागली. आता तीच व्हॉइस नोट टाकून कानडी शिकवते.

नोकरीच्या अर्जात भाषांच्या रकान्यात ती मराठी, हिंदीबरोबर कानडीही लिहिते. फडावर राहिलेल्या बाकीच्यांनाही मी सांगतो, परमुलखात राहून, अनोळखी माणसांत निभावून नेलंय तुम्ही. हॉटेलवाल्यांना हाच अनुभव हवा असतो. तो बिनधास्त लिहा.