रूमवाले

मुरुडच्या बाजारात परवा एका स्नेहमेळाव्याचा फ्लेक्स पाहिला. कुठलीशी दहावीची बॅच. गोल चौकटींत चेहरे, खाली हुद्दे. मुख्याध्यापक, कृषी सहायक, आडत दुकानदार, पुण्यातला इंजिनिअर. शेवटच्या ओळीतल्या एका चेहऱ्याखाली मात्र नुसतं नाव. मागून टमटमवाला हॉर्न बडवत होता आणि मी त्या कोऱ्या जागेकडं बघत उभा.

मेळाव्यांशी माझं फारसं जमत नाही. मंगल कार्यालय, सगळ्यांना एका रंगाचे फेटे, सरांना शाल-श्रीफळ, निवेदकाची शेरोशायरी आणि मग माईक फिरवत 'आपला परिचय'. ज्याच्याकडं सांगण्यासारखं काही नाही, तो नेमका त्या दिवशी 'कामात' असतो. रूमवाल्यांचं तसं नाही. वर्गमित्रांची गाठ हजेरीपट घालून देतो. रूमवाले एकट्याला भाडं परवडत नाही म्हणून एकत्र येतात. 1982 साली लातूर जिल्हा झाला, पुढं 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं, आणि दयानंद, शाहू कॉलेजांच्या ओढीनं खेड्यापाड्यांतली पोरं माडीवरच्या पत्र्याच्या खोल्यांत येऊन पडली. आमच्या खोलीत एक सायन्सचा, दोन कॉमर्सचे आणि चौथा कितव्या वर्षाला आहे हे त्याचं त्यालाच सांगता यायचं नाही.

आणि डबा. मुरुडहून सकाळच्या एसटीनं यायचा. आई पहाटे चुलीपुढं बसायची, वडील सायकलला पिशवी अडकवून स्टँड गाठायचे. डबे ड्रायव्हरशेजारी, बॉनेटच्या कडेला. इंजिनाला टेकलेल्या डब्यातलं वरण लातूरपर्यंत ऊन राहायचं, आणि उन्हाळ्यात त्याच जागेपायी आंबायचं. लातूरच्या स्टँडवर पिशव्यांचा ढीग पडे. झाकणावरची नावं कोण वाचतो? पिशवीच ओळखू यायची. कुणाची जुन्या धोतराची, कुणाची युरियाच्या पोत्याची, कुणाची बहिणीनं शिवणाच्या क्लासात शिवलेली, झालर लावून. दुपारी पेपर अंथरून चारही डबे उघडायचे, आणि आपला डबा आपण खायचा नाही, हा खोलीचा कायदा. आपला डबा पुढ्यात ओढणाऱ्याशी संध्याकाळपर्यंत कुणी बोलत नसे. कुणाच्या आमटीत येसर सढळ, कुणाच्या काळ्या तिखटानं कान तापायचे. घरची खबरही डब्यातूनच कळे. भाजीवरचा करडईच्या तेलाचा तवंग गेला की समजायचं, तुरीचा पैसा आडत्याकडं अडकलाय. नुसती शेंगदाण्याची चटणी आली की रानात सुगी. भाकरी जाड आणि कडेला चिरलेली आली की आई आजारी, तव्यापुढं बहीण बसलीय. मग त्या दिवशी त्याला जास्त चिडवायचं नाही. पत्रं आम्हीही लिहिली, पण त्यांत 'सर्व क्षेम' यापलीकडं काही नसायचं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवून उशिरा झोपलो होतो. पहाटे तीन छप्पनला डोक्यावरचे पत्रे थडथडले, आणि बघता बघता सगळी गल्ली रस्त्यावर. भूकंप. उजाडल्यावर किल्लारीचं नाव कानावर आलं. चौथा औसा तालुक्यातला, त्याच अंगाचा. मिळेल त्या ट्रकनं गेला तो दिवाळीच्या तोंडावर परतला, डोकं केलेलं. त्याच्या गावाकडून डबा यायचा बंद झाला तो झालाच. आमच्या तिन्ही डब्यांत मात्र भाकरी वाढल्या. घरी कुणी कळवलं नव्हतं. कंडक्टरनं सांगितलं असणार; खाणारे चार आणि डबे तीन, हे स्टँडवर लपत नाही. परीक्षेला तो बसला नाही. तरी वर्षभर खोलीवर राहिला. भाडं तिघांनी भरलं. त्याचा हिशेब तेव्हाही कुणी मांडला नाही, पुढंही नाही.

असे रूमवाले आमच्या आधीही होते. 1938 साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी आली, पोरांनी संप केला आणि शेकडो विद्यार्थी काढले गेले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. मराठवाड्याच्या इतिहासात तेवढंच वाचायला मिळतं. मला भलतेच प्रश्न पडतात. नागपूरच्या त्या खोल्यांत पहिला स्वयंपाक कुणी केला? ट्रंक कुणी कुणाची उचलली? संप विसरून म्हातारपणी ते एकमेकांना करपलेल्या भातावरून चिडवत असतील, असं मला वाटतं. इतिहासकारांना ही माहिती फालतू वाटेल. वाटू दे.

आम्ही भेटतो ते येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, मुरुडजवळच्या शेतात. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, बिंदग्यात आंबील, आणि भज्जी, उंडे, तिळाची पोळी. भज्जी म्हणजे बेसनातली तळलेली भजी नव्हे. हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची, चिंचेनं आंबट झालेली ती घट्ट भाजी. शहरात भांडंभर करणाऱ्याची मला कीव येते. ती रानात, पातेलंभरच व्हावी लागते. चौथा उशिरा येतो. सायन्सवाला मोबाइल काढून सगळ्यांना उभं करायला लागला की ओरडतो, "आरं, फोटो राहू दे, आधी वाढ."

त्या दिवशी लातुरात दुकानांना कुलपं असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तुम्ही या भागात असलात तर हॉटेल शोधत फिरू नका. मुरुडच्या कुठल्याही वाटेला लागा, कोप दिसली की वळा. आधी पत्रावळ मांडतात, नाव-गाव मागून विचारतात.