उःशाप नसलेली बढती

आपल्या पुराणांत जन्माने राक्षस असणारे पुष्कळ आहेत. माणसाचा राक्षस झाल्याच्या कथा त्या मानाने थोड्या, आणि मला त्याच अधिक विचारात पाडतात. इक्ष्वाकुकुळातील कल्माषपाद राजा शापाने राक्षस झाला आणि बारा वर्षे त्या अवस्थेत भटकला. नहुषाला तर देवांनीच इंद्रपदी बसविले होते. त्या आसनाचा मद चढून त्याने ऋषींना आपल्या पालखीला जुंपले, अगस्त्यांना लाथ मारली, आणि तो अजगर होऊन पृथ्वीवर पडला. दोन्ही कथांत रूपांतर ही शिक्षा आहे, आणि त्या शिक्षेला शेवटही आहे. कल्माषपादाला वसिष्ठांनी मुक्त केले. नहुषाला त्याच्याच वंशातील युधिष्ठिराने, त्याच्या प्रश्नांची उत्तरे देऊन.

या विषयावरचे एक अगदी निराळे, इंग्लंडात रचले गेलेले आधुनिक पुराण अलीकडे माझ्या वाचनात आले. त्याचे श्रेय माझ्या पुतण्याला. बोटभर उंचीच्या सैनिकांच्या प्रतिमा रंगवायच्या, टेबलावर मांडायच्या आणि फासे टाकून लढवायच्या, असा त्याचा छंद आहे. खेळाचे नाव ‘वॉरहॅमर ४०,०००’. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९८७ साली काढला. मूळ नियमग्रंथाचे कर्ते रिक प्रीस्टली. काळ आजपासून सुमारे अडतीस हजार वर्षे पुढचा. आकाशयाने आहेत आणि पिशाच्चेही आहेत. या खेळाभोवती कादंबऱ्यांचे मोठे भांडार उभे राहिले असून, ‘होरस हेरसी’ ही त्यांतील प्रमुख माला २००६ मध्ये सुरू होऊन २०२४ मध्ये संपली.

या पुराणाची कल्पना अशी की, दृश्य विश्वाच्या आड दुसरे एक विश्व आहे आणि तेथे माणसांचे विकार साकार होतात. क्रोधाचा खोर्न, कारस्थानी महत्त्वाकांक्षेचा झीन्च, रोग व नैराश्य यांचा नर्गल आणि अतिरेकी भोगाचा स्लानेश, अशा चार देवता त्यांतून जन्मल्या. जो मर्त्य त्यांची सेवा करील त्याला देणग्या मिळतात. १९८८ आणि १९९० साली निघालेल्या दोन ग्रंथांत या देणग्यांची लांबलचक कोष्टकेच आहेत. फासा पडेल त्याप्रमाणे कोणाला शिंग फुटते, कोणाचा हात नांगीसारखा होतो. प्रत्येक विकृती ही बक्षीस म्हणून येते. अशी बक्षिसे साठत गेली की बहुतेकांचा शेवटी बुद्धिहीन, वळवळणारा मांसाचा गोळा होतो. विरळ्या एखाद्याला मात्र ‘डीमन प्रिन्स’, म्हणजे दैत्यराज, हे पद लाभते. त्याला मरण नाही. एखादा संपूर्ण ग्रहही त्याला राज्य म्हणून मिळतो.

गुजरात सरकारच्या महसूल खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटली. ती शापाची भाषा नव्हे, बढतीची आहे.

या दैत्यराजांतील काही जण मुळात मानवसम्राटाचे पुत्र होते. त्यांची चरित्रे वाचताना एक गोष्ट लक्षात येते, ती ही की, आरंभी त्यांच्यात दुष्ट म्हणावा असा फारसा कोणी नाही. अँग्रॉन हा गुलाम मल्ल. त्याच्या मेंदूत संताप भडकविणारी यंत्रे खुपसलेली. त्याने गुलामांचे बंड उभारले, आणि शेवटी तो रक्तपिपासू देवतेचा कायमचा दास झाला. मॅग्नस ज्ञानाचा लोभी. पित्याला धोक्याची सूचना देण्यासाठी त्याने निषिद्ध विद्या वापरली आणि त्यातच सर्वस्व गमावले. मोर्टारियन विषारी धुक्याच्या ग्रहावर एका जुलमी सत्ताधीशाच्या हाती वाढला, त्याच्याविरुद्ध उठला आणि गांजलेल्या गावकऱ्यांना त्याने लढायला शिकविले. जादूटोण्याचा त्याला आयुष्यभर तिटकारा. पुढे त्याचे आरमार त्या दुसऱ्या विश्वात अडकले. सैन्यात रोग पसरला. मरण येईना आणि यातना थांबेनात. तेव्हा आपल्या माणसांचे हाल थांबावेत म्हणून तो नर्गलला शरण गेला. ज्याचा द्वेष केला तेच तो झाला. राज्य मिळाले, पण त्यावर इच्छा चालते ती दुसऱ्याची.

नोकरीत मी असे एक वरिष्ठ पाहिले, ज्यांच्या सचोटीची शपथ घ्यावी. त्यांनी पहिल्यांदा नियम वाकविला तो एका विधवेला जमीन लवकर मिळावी म्हणून. टिपणीवर शब्द होते, ‘अपवाद म्हणून’. पुढच्या प्रकरणात तोच अपवाद पूर्वोदाहरण म्हणून जोडला गेला. दहा वर्षांनी त्यांच्या दालनाबाहेर ताटकळणाऱ्यांत तशाच विधवा होत्या, आणि साहेबांना त्यांच्याकडे पाहण्यास सवड नव्हती. दरम्यान त्यांना तीन बढत्या मिळाल्या होत्या. शिंग फुटल्याचे कोणाच्या नजरेस आले नाही, कारण प्रत्येक वेळी आम्ही त्यांचे अभिनंदनच करीत होतो.

माझा पुतण्या यंदा याच खात्यात रुजू होत आहे. मोर्टारियनची प्रतिमा रंगवता रंगवता त्याने मला विचारले, “काका, आपली माणसे डोळ्यांदेखत तडफडत असताना नकार देणे योग्य ठरले असते का?” प्रश्न खेळातला होता, पण खेळापुरता नव्हता. मी त्याला सांगितले की, त्या घटकेला नकार देण्याचे बळ त्या घटकेला येत नसते. कोणी पाहत नसताना, किरकोळ कागदांवर दिलेल्या लहान नकारांतून ते साठते. ज्याच्या गाठीला ते नाही, त्याला शरणागतीच दया वाटते.

आणखीही एक गोष्ट मी त्याला दाखवून दिली. त्या सम्राटाने आपल्या पुत्रांना सैन्ये दिली, ग्रह जिंकावयास धाडले; पण त्या चार देवतांचे खरे स्वरूप मात्र त्यांच्यापासून लपवून ठेवले. संकट आले तेव्हा आपण कोणाशी सौदा करीत आहोत हे मॅग्नसला कळलेच नाही. नहुषाची गोष्ट येथे वेगळी पडते. अजगराच्या देहातही आपण कोण होतो याची त्याला आठवण होती, आणि त्याच्या प्रश्नांना उत्तर देणारा कुळातला कोणीतरी त्या अरण्यात भेटला. उःशाप म्हणजे एवढेच असावे.

आपल्या घरांत सरकारी नोकरीची परंपरा जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या अमदानीपासून पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांत गेलेली कुटुंबे बडोद्यात आजही आहेत. पुढच्या पिढीला आपण पदांची नावे, वशिल्यांच्या वाटा, निवृत्तिवेतनाचे हिशेब सारे सांगतो. खुर्ची माणसाचे काय करते, हे सांगण्याचे टाळतो. पुतण्याला मी ‘अपवाद म्हणून’ या दोन शब्दांची कथा नावे वगळून सगळी सांगितली. दर रविवारी जेवायला यायचे आणि आठवड्यात सही करताना हात कोठे अडखळला ते मला सांगायचे, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.