खाट १४, रेडी

६ ऑगस्ट, बांबोळी
रात्री रेडीचे काका आले. वय ५८, मधुमेह. दहा दिवस ताप. श्वास मिनिटाला ३२, ऑक्सिजन ८९, साखर ३८०. एक्स-रेत उजवीकडे वरचा भाग पांढरा. आधी रक्ताचं कल्चर, मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिन. मीही रेडीचा म्हटल्यावर ऑक्सिजनच्या मास्कमधून प्रश्न: "कोणाचो रे तू?"

७ ऑगस्ट
बेडका मागितला, आली लाळ. लॅबने परत पाठवली. सकाळी चूळ भरायला लावून पुन्हा.

८ ऑगस्ट
ताप १०३. मुलाला वाटतं, खाणीची धूळ. काका पूर्वी लोखंडाच्या खाणीवर होते. पण धुळीने दम वर्षानुवर्षं वाढत जातो, असा ताप चढत नाही. वॉर्डात सगळ्यांचं एकच: टीबी. सीबीनॅट पाठवली. संध्याकाळी लॅबचा फोन, रक्तात ग्राम-निगेटिव्ह जंतू.

९ ऑगस्ट
सीबीनॅट निगेटिव्ह. तरी टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या? सर म्हणाले, थांब. मशीन जंतूला स्यूडोमोनास म्हणतंय. पटत नाही. घरून धडधाकट आलेल्या माणसाला?
पावसात काय करता, विचारलं.
"तरवो काढलंय, लावणी केलंय. महिनोभर चिखलातच आसंय."
टाचा पाहिल्या. भेगाच भेगा.

१० ऑगस्ट
जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद नाही, को-अमॉक्सिक्लॅवला आहे. लॅबच्या मॅडम आणि मी एकदमच बोललो. मेलिऑइडोसिस. मातीतला, पाणथळ शेतातला जंतू. मधुमेह्यांना जास्त धरतो. सेफ्टाझिडिम, दर सहा तासांनी २ ग्रॅम.

११ ऑगस्ट
सोनोग्राफीत प्लीहेत छोटं गळू.
रात्री वाचलं. १९१२ साली रंगूनहून व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या दोघांनी हा रोग पहिल्यांदा लिहिला. नाव पडलं व्हिटमोरचा रोग. कृष्णस्वामी गळाले. नेहमीचंच.

१४ ऑगस्ट
ताप आहेच. नातेवाईक विचारतात, औषध बदला की. हा ताप उतरायला आठवडा, कधी जास्तही लागतो. सांगताना माझाच आवाज बारीक.

१९ ऑगस्ट
कालपासून ताप नाही. ऑक्सिजन काढला. काकांनी पेज मागितली.

२४ ऑगस्ट
"चवतीक घरी सोडशात मा? माटवी कोण बांधतलो?"
रक्तात जंतू सापडलेला. तीन आठवडे इंजेक्शन. नाही म्हणालो. दिवसभर बोलले नाहीत.

२७ ऑगस्ट
चतुर्थी. मुलाने व्हिडिओ कॉलवर माटवी दाखवली. काकांनी झोपूनच तीन चुका काढल्या. नेवऱ्या आल्या. साखर १४२. एक दिली.

१ सप्टेंबर
सुट्टी. गणपती अकरा दिवसांचा, विसर्जनाला पोचतील. कोट्रायमोक्साझोल तीन महिने. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी फोन. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या तर दुखणं उलटतं, हे मुलाला दोनदा सांगितलं, काकूंना तीनदा. कापणीला गमबूट घाला म्हटलं.
"शेतात कोण घालता रे गमबूट? चिखलात रुततत ते."